मदत हवी आहे : जुन्या फायरवॉलच्या एलसीडीवर आपोआप काळे चौकोन उमटतात

जुन्या रॅक-माउंट फायरवॉलवर डेबियन १२ (लिनक्स) आणि एलसीडीप्रॉक ०.५.९ (छोट्या डिस्प्लेवर मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम) चालवतो आहे. पुढचा २०x२ डिस्प्ले एचडी४४७८० जातीचा (त्या कंट्रोलर चिपचा), पॅरलल पोर्टवर, पत्ता हेक्स ३७८. मल्टिमीटरने तपासलेली जोडणी : ई (डेटा उचलायचा इशारा देणारी लाइन) पोर्टच्या पिन १४ वर, आरएस (अक्षर की कमांड ते सांगणारी) १६ वर, बॅकलाइट १७ वर. चार बटणं थेट १०, ११, १२, १३ वर, मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींची जाळी) नाही.

एलसीडीप्रॉकच्या ड्रायव्हरमधली विनॅम्प जोडणीची (पिना जोडायची एक ठरलेली पद्धत) सोर्स फाइल घेऊन त्यात फक्त ई स्ट्रोबवरून (पिन १) १४ वर नेली. मजकूर स्वच्छ दिसतो, पण काही मिनिटांत मधूनच पूर्ण भरलेला काळा चौकोन येतो आणि तिथला मजकूर बदलेपर्यंत तसाच राहतो.

डिले-मल्ट (ड्रायव्हरच्या थांब्यांचा गुणक) १ वरून ४ केलं, बायोसमध्ये पोर्टचा मोड ईसीपीऐवजी साधा एसपीपी लावला, डिस्प्लेवरचे ५ व्होल्ट मोजले, फरक शून्य. कीपॅड बंद केला की मात्र दोन दिवस एकही चौकोन नाही. म्हणून संशय असा : बटणं वाचताना ड्रायव्हर डेटावर सगळे १ ठेवतो आणि कंट्रोल पोर्टवरही लिहितो. त्यात कंट्रोल पोर्टचीच पिन १४ हलली की ई चा पल्स जातो आणि हेक्स एफएफ, म्हणजे नेमका काळा चौकोन, छापला जातो.

बोर्डावर सोल्डरिंग करता येणार नाही आणि बटणं हवीच आहेत. रीड-कीपॅडमधलं (बटणं वाचणारं फंक्शन) डेटा आणि कंट्रोल या दोन्ही पोर्टांवरचं लिखाण काढून फक्त हेक्स ३७९ (बटणांच्या पिनांचा स्टेटस पोर्ट) वाचून परत दिलं, तर कॉन्फिगमधल्या की-डायरेक्टच्या (थेट जोडलेल्या बटणांच्या) नोंदी नीट चालतील का, की स्कॅनचं फंक्शनही बदलावं लागेल?