उत्तर: गोल्डन सन आणि 260 अक्षरांचा पासवर्ड
'डार्क डॉन'नेच 'गोल्डन सन' ही व्हिडिओ गेमची मालिका बुडवली, असं इथे एकाने म्हटलंय; ते मत मला निम्मंच पटतं. 2010चा तो तिसरा भाग भलताच बडबड्या होता आणि मागे राहिलेल्या जिन्नांसाठी (खेळात गोळा करायचे छोटे जादुई जीव) परत फिरायची सोय नव्हती, हे मान्य. पण संगीतकार मोतोई साकुराबांचं संगीत तिथेही तितकंच झकास आहे.

आणि त्या पासवर्डची आठवण कुणालाच कशी नाही? दोन गेमबॉय जोडायची केबल नसेल तर पहिल्या भागातले जिन्न आणि सगळं सामान 'द लॉस्ट एज' या दुसऱ्या भागात न्यायला तब्बल 260 अक्षरं हाताने भरावी लागायची! मी ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवली होती. कॅपिटल आणि स्मॉलमध्ये घोळ झाला, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. वही अजून आहे, गेमबॉय मात्र नाही.