मामांच्या परदेशी बाहुल्यांना आंबूस वास येतोय, काय करू?

शुक्रवार पेठ: मामा बोटीवर नोकरीला होते. प्रत्येक बंदरातून एक बाहुली आणायचे. आता सगळा कबिला माझ्या काचेच्या कपाटात. ठिपक्यांच्या झालरीची स्पॅनिश नाचणारी, बुडाशी 'मारिन, चिक्लाना'ची चिठ्ठी अजून शाबूत. तिचं ठीक आहे. पण डोळे मिटणारी स्कॉटिश बाई पावसाळ्यात व्हिनेगरसारखी वास मारायला लागलीय, घागऱ्याची पिन गंजून कापडाला तांबडा डाग. आई म्हणते, डांबरगोळ्या टाक.

राजारामपुरी: काकूंना सांग, गोळ्या नकोत! त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं. आंबट वास म्हणजे बहुतेक सेल्युलोज ॲसिटेट, म्हणजे बाहुलीचं जुनं प्लास्टिक, कुजतंय. ते आम्ल पिना गंजवतं, शेजारणींनाही बाधतं. आजच वेगळी काढ, हवेशीर ठेव. बंद पिशवीत कोंबलीस तर बोंबललं.

शुक्रवार पेठ: काढली भावा. पिनही उपसली. डाग धुऊ का?

महाद्वार रोड: अजिबात नको, जुना रंग उतरतो. मऊ ब्रशनं धूळ झटक, बास. चिठ्ठी फाडू नकोस, तिच्यामुळंच कारखाना कळतो. चिक्लाना स्पेनच्या काडिथ प्रांतात, मारिनचा बाहुल्यांचा कारखाना 1928 चा. आणि दिल्लीला गेलास तर शंकर यांचं बाहुली संग्रहालय बघ, 1965 पासूनचं. व्यंगचित्रकार माणूस, पण नाद खुळा!

शुक्रवार पेठ: बघतो. तोवर स्कॉटिश बाई माळ्यावर ठेवू?

राजारामपुरी: पत्र्याखाली? भाजून निघेल. खोलीतच ठेव, उन्हापासून लांब.