सातारच्या पावसासाठी ऑल व्हील ड्राइव्हला लाख-दोन लाख जास्त द्यावेत का?

घाटवाट:
मेव्हण्याला गाडी घ्यायचीय. राहायला साताऱ्यात, काम महाबळेश्वरात, म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा मेढ्यावरनं केळघर घाट. विक्रेत्यानं त्याला सांगितलं, "ऑल व्हील ड्राइव्ह घ्या, पावसात गाडी घसरतच नाही." तो जास्तीचे पैसे मोजायला तयार झालाय. मी नको म्हणतोय.

इंजिनाची ताकद साध्या गाडीसारखी दोन चाकांना मिळो नाहीतर ऑल व्हील ड्राइव्हसारखी चारही चाकांना, तिचं काम गाडी पुढं ढकलणं. ब्रेक मात्र प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतो. त्यामुळं थांबायच्या वेळी दोन्ही गाड्या सारख्याच. ताशी ६० च्या वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटर लागतात, ओल्यावर ३५ च्या आसपास, तेही टायर चांगले असतील तर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेले पंधरा-सतरा मीटर वेगळेच.

गेल्या जुलैत केळघरच्या एका वळणावर एक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, डोंगराकडच्या गटारात उतरलेली पाहिली. माणसं सुखरूप होती. मी वाकून टायर बघितला. खाचेत नख घातलं तर नखाचं टोकसुद्धा बुडेना. खाचेच्या तळाशी झिजेची खूण म्हणून १.६ मिलिमीटरचा उंचवटा असतो, त्याच्याशी रबर सपाट झालेलं. चालवणारा परत परत म्हणत होता, "चढताना तर कुठंच घसरली नाही हो." तेच तर! चढताना चार चाकांनी निभावून नेलं, म्हणून रस्ता किती निसरडा आहे ते त्याला उतार लागेपर्यंत कळलंच नाही.

बामणोलीकर:
दादा, टायरचं शंभर टक्के पटलं. 'नको' हे नाही पटलं. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत तांबड्या मातीचा चढ आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तिथं पुढच्या चाकांवर चालणारी गाडी म्हणजे फक्त चिखल उडवायचं यंत्र. चढावर वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी पडतात आणि नेमकी तीच फिरत बसतात. आईला रात्री मेढ्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा मागच्या चाकांनी ढकललं म्हणून आम्ही वर निघालो. त्या रात्री टायर नवे असून दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी चढली नसती, हे मी त्याच चढावर आधी दोन पावसाळे अनुभवलंय.

आणि वळणाचंही अर्धंच सांगितलंत. टायरची पकड ठरावीक असते. पुढच्या चाकांच्या गाडीत तेच टायर ओढतात आणि तेच वळवतात. यू वळणातून चढावर ॲक्सिलरेटर दिला की गाडी बाहेरच्या बाजूला जायला बघते, ती याचमुळं. ओढायचं थोडं काम मागच्या चाकांनी घेतलं की पुढच्यांना वळवायला पकड उरते. हा फरक शेवाळलेल्या रस्त्यावर हाताला कळतो.

शाहूपुरीची ताई:
बर्फातला अनुभव सांगते. मनालीहून अटल बोगद्याकडं जाताना बर्फ पडला की फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढं सोडतात. त्यामुळं आपल्याकडच्या लोकांना वाटतं, फोर बाय फोर म्हणजे साखळीच्या तोडीची. आमची भाड्याची गाडी चढली झोकात. उतरताना जेमतेम २० चा वेग, चालकानं ब्रेक दाबला, चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसनं पेडल त्याच्या पायाखाली कडकड करतंय आणि गाडी आपली सरकतीय. पुढच्या गाडीच्या हातभर अलीकडं थांबलो. त्यांनी तिथंच उतरून चारही चाकांना साखळ्या चढवल्या. त्यानंतर तीच गाडी, तोच उतार, पण सगळं ताब्यात.

दाबलेल्या बर्फावर पकड ओल्या डांबराच्या निम्मी, काचेसारख्या गोठलेल्या थरावर त्याहूनही निम्मी. आपले नेहमीचे टायर तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतात, म्हणून थंड देशांत हिवाळ्याचे मऊ रबराचे टायर वेगळे असतात. ते घातलेली दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी साध्या टायरवरच्या फोर बाय फोरपेक्षा लवकर थांबते. मी घाटवाट दादांच्या बाजूनं.

पसरणी रोज:
एक मुद्दा सगळ्यांचाच सुटतोय. घाट उतरताना आपण दुसऱ्या गिअरवर गाडी इंजिनावर धरतो. ती धर पुढच्या दोन चाकांवरच आली तर निसरड्या वळणावर पुढचे टायर सुटू शकतात, चारही चाकांवर वाटली गेली तर गाडी शांत उतरते. म्हणजे उतारावर काहीच फायदा नाही, हे खरं नाही.

पण मेव्हणे कुठली गाडी घेतायत ते विचारा. थार, जिम्नीमध्ये हातानं फोर एच, म्हणजे चारही चाकं जोडणारा दांडा, टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडतो. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं वर्तुळ कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, चांगल्या डांबरावर मात्र स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि गिअरचे भाग ताणले जातात. ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपसारखी यंत्रणा हवी तेवढी ताकद आपोआप मागं पाठवते, ती डांबरी घाटाला बरी. माझं मत: रोज घाट असेल तर घ्यावी.

घाटवाट:
उतारावरच्या इंजिनाच्या धरेचं मान्य, तो मुद्दा माझ्याकडून राहिला. बामणोलीकर, तुमच्या चढाला दुसरा उपाय नाही, तेही मान्य. पण मेव्हण्याच्या दारापर्यंत डांबर आहे. आणि त्याला महिन्यातून दोनदा कराडला हायवेनं जावं लागतं. रस्त्याच्या कामामुळं तिथं जागोजागी पाणी साठतं. ८० च्या वेगात त्यात शिरलं आणि खाचांना पाणी बाहेर टाकता आलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. तरंगणाऱ्या चाकाला ताकद देऊन काय होणार? तिथं हलकेच ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, बस्स. त्याच्या सध्याच्या गाडीच्या टायरवर २३१८ छापलंय, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा! आधी हे चार टायर बदल म्हणून मी मागं लागलोय, आणि तो नव्या गाडीची पत्रकं बघतोय.

बामणोलीकर:
टायर आजच बदला, त्यात दोन मतं नाहीत. गाडीचं मात्र पत्रकावरनं ठरवू नका. आता पाऊस आहे तोवर मेव्हण्यांना घेऊन आमच्याकडं या. येताना केळघर त्यांना स्वतःला चालवू द्या, दोन चाकांवर. इथं माझी गाडी देतो, परत जाताना तोच घाट चार चाकांवर उतरू देत. मी शेजारी बसतो.

घाटवाट:
रविवारी येतो. शनिवारी नवे टायर घालूनच निघू.