स्वस्त बँडसॉ आत्ताच घेऊ की थांबून बरं मशीन घेऊ? सांवेर रोडवाले सांगा

पत्रा_पाइप_इंदूर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. सांवेर रोडला माझा छोटा शेड आहे, ग्रिल, गेट, एसएसची रेलिंग हे नेहमीचं काम, आणि गेल्या दिवाळीपासून पिथमपूरच्या एका पार्टीचं ईएन८ च्या (मध्यम कार्बनचं स्टील) राउंडचं, म्हणजे भरीव गोल सळईचं, कटिंग पण येऊन राहिलंय, ५० पासून ९० मिमीपर्यंत, महिन्याला तीनशे-चारशे पीस. पाइप-अँगल १४ इंची चाकाच्या मशीनवर कापतो आणि जाडा राउंड वडिलांच्या वेळच्या हॅक्सॉ मशीनवर. ते बिचारं ९० च्या एका तुकड्याला पंचवीस मिनिटं घेतं, मी चहा पिऊन, पेपर वाचून येतो तरी ते आपलं खर्र खर्र चालूच. घाईत एकदा ५० चे राउंड चाकावर कापून दिले तर कटिंगची बाजू निळी होऊन इतकी कडक झाली की लेथवाल्याचे इन्सर्ट (कापायची टोकं) उडाले आणि त्याने फोनवर माझी जी पूजा बांधली ती इथे लिहिता येणार नाही.

तर आता बँडसॉ, म्हणजे दातांची लांब पट्टी फिरवून कापणारं मशीन, घ्यायचाच. सियागंजमध्ये बाहेरून आलेलं ते छोटं ४×६ इंची मशीन ३८ हजारात मिळतंय, सिंगल फेजवर चालतं, चाकं लावलेली, कोपऱ्यात ढकलून ठेवता येतं. दुसरीकडे देशी, २०० मिमीपर्यंत कापणारं सेमी-ऑटोमॅटिक, हायड्रॉलिकवालं, दोन लाखांच्या वर सांगतायत. एवढा फरक नेमका कशाचा? दोन्हीत मोटर आहे, दोन चाकं आहेत, पट्टी फिरते. बायको म्हणते छोटं घ्या नि मोकळे व्हा.

जुना_फिटर
बाळा, फरक ओढीचा आहे. बायमेटल पट्टी (कडक दात, लवचीक पाठ) सरळ कापायला हवी तर ती चांगली ताणलेली लागते. २७×०.९ मिमीची पट्टी घेतलीस तर तिला एका बाजूला साधारण ५०० किलोची ओढ द्यावी लागते, दोन्ही बाजू मिळून झाला एक टन. हा एक टन दिवसभर त्या फ्रेमने नि चाकांच्या शाफ्टने सहन करायचाय. तुझ्या ३८ हजारवाल्यात १३×०.६५ ची पट्टी असते, तिला तेवढी ओढ लागत नाही हे खरं, पण जेवढी लागते तेवढीही ती फ्रेम देत नाही, नॉब आवळत जावं तर फ्रेमच वाकते. मग ढिली पट्टी ९० च्या राउंडमध्ये शिरली की मधोमध पोट धरते, तुकडा एका बाजूला बशीसारखा खोल निघतो.

दुसरं म्हणजे उतरण. छोट्यात स्प्रिंग असते किंवा वजन, हेड, म्हणजे पट्टीवाला वरचा भाग, आपल्या भाराने खाली येतं. राउंडचं असं की सुरुवातीला नि शेवटी कापायची रुंदी थोडी आणि मधे जास्त, म्हणजे सुरुवातीला दात खूप खोल शिरतात आणि मधे नुसते घासतात. हायड्रॉलिक सिलिंडर असला की व्हॉल्व फिरवून उतरायचा वेग तू ठरवतोस. एसएसला तर हे फारच लागतं, ३०४ ग्रेडच्या एसएसवर पट्टी नुसती घासली की वरचा थर कडक होतो आणि पुढचा दात त्यावर आपटतो.

पोलोग्राउंडला चौतीस वर्षं नोकरी केली मी. अरे आपल्या गावात तर बँडसॉ बनतात, आयटीएल कंपनी सांवेर रोडवरच आहे, तुझ्या शेडपासून चालत जाशील. नवं परवडत नसेल तर देशी जुनं बघ, पार्ट मिळतात, मिस्त्री मिळतो. बाहेरच्या मशीनचा एक गिअर गेला तर तो कुठे शोधशील?

रविवारचा_लोहार
काकांचं बरोबर आहे पण छोट्या मशीनला इतकंही हाणू नका राव 😄 मी त्याच जातीचं मशीन चार वर्षं वापरतोय, लोकमान्य नगरला घरामागे, हौसेची कामं करतो, गाडीचे ब्रॅकेट, टेबलाचे पाय वगैरे. खरं सांगायचं तर डब्यातून निघालं तेव्हा ते मशीन नव्हतं, मशीनचं सामान होतं. दोन्ही चाकं एका पातळीत नाहीत, पट्टी दर दहा मिनिटांनी उतरायची, पट्टी सरळ धरणाऱ्या गाइडच्या बेअरिंगमधे बोट जाईल एवढी फट, आणि स्टँडचा पत्रा असा की कापताना सगळं मशीन नवरात्रात गरबा खेळल्यासारखं डोलायचं. तीन रविवार गेले. गाइड पट्टीला जेमतेम टेकतील असे बसवले, चाकाखाली शिम (पातळ पत्री) दिली, स्टँड फेकून अँगलचं बनवलं. सोबत आलेली कार्बन स्टीलची पट्टी डझनभर तुकड्यांत टकली झाली, त्यानंतर बायमेटल लावली तेव्हा कुठे कळलं की मशीन इतकं वाईट नाहीये.

आज ४० चा राउंड सरळ कापतं, पाइप-अँगल तर मस्तच. स्पीड तीन, पुलीवर बेल्ट सरकवायचा, २४, ३७ आणि ६१ मीटर मिनिटाला, एसएसला सगळ्यात हळू. पण दिवसाला दहा-पंधरा कट, बास. तुमचे चारशे पीस त्यावर टाकले तर ते दुसऱ्या महिन्यात हात जोडेल.

आणि घ्याल ते घ्या, पट्टीत पैसे वाचवू नका. दात पण कामाप्रमाणे. २ मिमीच्या पाइपला १०/१४ चे (इंचाला १० ते १४) बारीक दात लागतात, मोठ्या दातांची लावली तर पाइपची भिंत दोन दातांच्या फटीत शिरते आणि एका झटक्यात दात साफ. निदान तीन दात मालावर टेकलेले पाहिजेत. ९० च्या राउंडला उलट ३/४ चे मोठे दात, बारीक लावले तर किसाला जागाच नाही, पट्टी नुसती घसरते. म्हणजे तुमच्यासारखी दोन्ही कामं असतील तर एका पट्टीत भागत नाही हे धरून चाला.

मकरपुरा_बडोदा
बडोद्याहून लिहितेय, मकरपुरा जीआयडीसीत आमचं कटिंग-टर्निंगचं काम आहे, हिशेब मीच बघते म्हणून हिशेबाचंच बोलते. भाऊ, तुम्ही मशीनच्या किमतीकडे बघताय, जरा मालाकडे बघा. कट तिरका येतो म्हटल्यावर लेथवर फेस (बाजू सपाट) करायला प्रत्येक पीसला २ मिमी जास्त ठेवावं लागतं. ९० च्या राउंडमधे २ मिमी म्हणजे १०० ग्रॅम स्टील. हजार पीसला झाला एक क्विंटल, आणि तो भंगाराच्या भावाने जातो. वर लेथवर तेवढी जास्त मिनिटं. आमच्याकडे सासऱ्यांनी पहिल्या वर्षी असंच छोटं मशीन घेतलं होतं, ते आज पण आहे, त्यावर गणपतीच्या मांडवाचे पाइप कापतात.

जुनं देशी बघायला गेलात तर गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून बोटावर घ्या. काळं असलं तर चालेल, सोनेरी चमक दिसली तर आतलं ब्रॉन्झचं वर्म व्हील (गिअरचं चाक) झिजतंय, परत या. हेड वर उचलून व्हॉल्व बंद करा आणि पाच मिनिटं दुसऱ्या गप्पा मारा, आपोआप खाली आलं तर सिलिंडरचं सील गेलंय, ते मात्र स्वस्तात होतं, त्यावर भाव पाडा. दातातला किस काढणारा तारेचा ब्रश जागेवर आहे का बघा, निम्म्या ठिकाणी तो काढून टाकलेला असतो आणि मग म्हणतात पट्टी टिकत नाही. आणि आपला राउंड सोबत न्या, दोन कट मारून ५ मिमीची चकती काढा, चारी बाजूंनी व्हर्नियर लावा. सारखी आली तर मशीन सरळ.

जुना_फिटर
ताई, बाकी सगळं सोळा आणे, पण चकतीत फसगत होते. मशीन तिरकं कापत असलं तरी पहिला कट जेवढा तिरका तेवढाच दुसरा, म्हणजे चकतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर, व्हर्नियर म्हणणार सगळं छान. पहिला कट झाल्यावर राउंड वाइसमधे अर्धा फिरवायचा, वरची बाजू खाली, आणि मग दुसरा कट. आता तिरकेपणा दुप्पट होऊन दिसतो. जो फरक येईल त्याचा अर्धा हा खरा दोष. राउंडवर आधी खडूने रेघ मारून ठेव, नाहीतर किती फिरवला ते विसरशील.

मकरपुरा_बडोदा
अरे हो की! इतकी वर्षं मी सरळ चकतीच मोजत आले 🙈 उद्या आमचंच मशीन तपासते.

पत्रा_पाइप_इंदूर
सगळ्यांचे आभार. बायकोला क्विंटलचा हिशेब वाचून दाखवला, ती म्हणाली मग मोठंच घ्या. देवास नाक्याकडे एकाचं २०० चं देशी सेमी-ऑटोमॅटिक निघतंय, सात-आठ वर्षं जुनं, १ लाख २० हजार म्हणतोय. रविवारी पोहे-जलेबी खाऊन जातो ७५ चा राउंड खांद्यावर घेऊन.

भिया_कटर
खडू विसरू नको भिया

पत्रा_पाइप_इंदूर
जाऊन आलो, घेतलं पण, आणि बसवलं पण. मधे दहा दिवस लिहायला वेळ झाला नाही, आता सविस्तर सांगतो.

तेल काळं कुळकुळीत, पण चमक नाही. हेड पाच मिनिटांत दोन बोटं खाली आलं, मी काही बोललो नाही, नुसता बघत राहिलो, मालकच म्हणाला सील बदलावं लागेल. मग चकती. आधी न फिरवता काढली, चारी बाजूंनी ५.०, मालक छाती फुगवून उभा. नंतर खडूची रेघ मारून राउंड अर्धा फिरवला नि कापला, एका बाजूला ४.४ आणि समोरच्या बाजूला ५.८. म्हणजे काकांच्या हिशेबाने ०.७ तिरकं, ७५ वर. मालकाचा चेहरा उतरला, माझाही, कारण मनातून मला ते मशीन आवडलं होतं. मग सहज लक्ष गेलं तर डावीकडचा गाइडचा हात पार टोकाला उघडून ठेवलेला, राउंड ७५ चा आणि दोन गाइडच्या मधे पट्टी वीत-सव्वा वीत मोकळी. हात मालाच्या जवळ, दोन बोटांवर आणून आवळला, पट्टीचं टेन्शन थोडं वाढवलं आणि परत तेच केलं. आता फरक ०.३, म्हणजे खरा दोष ०.१५. तिथल्या पोराने हसून सांगितलं की मागच्या आठवड्यात मोठा चॅनल कापला होता तेव्हापासून हात तसाच आहे. १ लाख ८ हजारात झालं.

आता फजिती ऐका. शेडमधे बसवलं, थ्री फेज जोडली, नवी पट्टी, कूलंट पण मोजून टाकलं, पाण्यात आठ टक्के तेल. पहिला ९० चा राउंड लावला तर कापेचना. नुसती कीं कीं, राउंडवर चकचकीत रेघ उमटली, बस. तासभर मी त्या मालकाला, पट्टीवाल्याला आणि मनातल्या मनात तुम्हा सगळ्यांना शिव्या घातल्या. मग शेजारच्या शेडमधला पोरगा आला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, चाचा, उल्टा घूम रहा है. फेज उलटी लागली होती. दोन वायरी बदलल्या आणि पट्टी लोण्यात सुरी जावी तशी गेली. चंदेरी, गोल वळलेला किस पडत होता, मी दोन-तीन हातात घेऊन बघितले, कोमट, निळेपणा अजिबात नाही. पाच मिनिटं लागली. हॅक्सॉ मशीनवर मी अजून चहाला निघालोही नसतो.

एक शंका आहे. पट्टीवाल्याने कॉइलमधून कापून जोड मारून दिली होती, ती काल नेमकी जोडावर तुटली, दात अजून नव्यासारखे. पट्टी खराब की काय?

जुना_फिटर
पट्टी नाही, जोड. वेल्ड केल्यावर ती जागा परत हळू गरम करून सावकाश थंड करावी लागते, नाहीतर जोड काचेसारखा ठिसूळ राहतो. घाईत सोडून देतात. तुटलेली घेऊन जा, समोर उभा राहून जोड मारून घे, आणि जोडावरचा उंचवटा घासून सपाट केलाय का ते बोट फिरवून बघ, नाहीतर गाइडमधून जाताना दर फेरीला टक टक करत पुन्हा तुटेल. दातांच्या बाजूने बोट फिरवू नकोस म्हणजे झालं. आणि नवी पट्टी पहिल्या चार-पाच कटला निम्म्या उतरणीवर चालव, लगेच पूर्ण भार टाकू नकोस.

रविवारचा_लोहार
ते जुनं हॅक्सॉ मशीन विकणार असाल तर मला आधी सांगा

पत्रा_पाइप_इंदूर
विकणार नाही भाऊ, वडिलांचं आहे. पण चहा प्यायला या, चालू करून दाखवतो, दोन कप होतील.