टो कंपनीचं चार जुलैचं पत्र: शुभेच्छा की जाहिरात?

एडिसनकर
गेल्या वर्षी पार्कवेवर गाडीची बॅटरी बसली, तेव्हा गाड्या ओढून नेणाऱ्या एका टो कंपनीला बोलावलं होतं. तेव्हापासून त्यांची ईपत्रं येतात. काल चार जुलैचं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचं आलं. वर गरुड (यंदा अडीचशे वर्षं, म्हणून जरा मोठाच), मागे फडकता झेंडा, पुढ्यात त्यांचा ट्रक. १७७६च्या वीरांना दोन ओळींत वंदन, मग बातम्या: नवं फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक) घेतलं, माजी सैनिकांना सवलत, सुट्टीतही चोवीस तास सेवा. आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात 'सुट्टीच्या दिवशी जादा आकार'. मे महिन्यात तर यांनी 'हॅपी मेमोरियल डे' धाडलं होतं! युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस तो. आपल्याकडे कुणी पितृपक्षाच्या हार्दिक शुभेच्छा देतं का? टोवाल्याने गाडी ओढावी, देशभक्तीचं आमचं आम्ही बघू.

सुपारी
साफ असहमत. माझा शेजारी टो ट्रक चालवतो. चार जुलैला आपण अंगणात कणसं भाजत असतो तेव्हा हा हायवेच्या कडेला वाकून कुणाच्या तरी गाडीला साखळी लावत असतो, आणि हातभरावरून अठरा चाकी सुसाट जातात. अशा वेळी लेन सोडा किंवा वेग कमी करा, असा कायदा पन्नासही राज्यांत आहे. पाळतात किती? टेनेसीतल्या चॅटनूगाला टोइंगचं संग्रहालय आहे. १९१६ साली अर्नेस्ट होम्सने टो ट्रक बनवला तो त्याच गावात. तिथे कामावर असताना गेलेल्या चालकांच्या नावांची भिंत आहे. या धंद्यातल्या माणसाने झेंडा लावला तर आपण नाक का मुरडायचं? आणि सणासुदीला जादा पैसे आपला रिक्षावालासुद्धा मागतो.

कलमबहाद्दर
कायद्याचं बोलायचं तर एडिसनकरांची बाजू बरोबर. झेंडा कुठल्याही प्रकारे जाहिरातीसाठी वापरू नये, असं अमेरिकेच्या फ्लॅग कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय. पण मोडलं तर शिक्षा नाही, त्यामुळे गाद्यांच्या सेलपासून हॉटडॉगपर्यंत सगळ्यांवर झेंडा. भारतात १९५०च्या कायद्याने धंद्यासाठी तिरंगा वापरायला सरकारची परवानगी लागते. तरी पंधरा ऑगस्टचे बिल्डरांचे फ्लेक्स आठवा.

गवती चहा
गरुडावरून काय भांडताय? माझी गाडी आमच्याच कॉम्प्लेक्समधून मध्यरात्री उचलली होती, पार्किंगचं परमिट काचेवरून घसरून सीटवर पडलं म्हणून. सोडवायला भरपूर मोजले. त्या कंपनीच्या ट्रकवरही झेंडा होताच. अशा न विचारता उचलण्याला लगाम घालायला न्यू जर्सीत २००७चा कायदा तरी आहे. गंमत अशी, की तुम्ही स्वतः बोलावलेल्या टोचे दर राज्य सरकार ठरवू शकत नाही, केंद्राचा कायदा आड येतो. न विचारता उचललेल्याचे ठरवू शकतं. म्हणजे एडिसनकरांच्या त्या मुंगीच्या अक्षरातल्या आकारावर राज्य सरकारचा अंकुश नाही. फोनवरच आकडा विचारायचा, आणि तो लिहून मागायचा.

एडिसनकर
सुपारीताई, ड्रायव्हरबद्दल मी वावगं अक्षर तरी काढलं का? त्याची एवढी कदर असेल तर पत्रात त्याचा फोटो कुठाय? गरुडाचा आहे. 'कडेला आमचा माणूस दिसला तर लेन सोडा' एवढी एक ओळ घातली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

सुपारी
ही ओळ हवी होती, मान्य. पण गरुड आयता मिळतो हो! घरचीच कुणी पोरगी कॉलेजातून आल्यावर ती पत्रं करत असेल, तिला मेमोरियल डेची सुतकी बाजू कुठून सुचणार? आणि फ्लॅटबेडच्या बातमीला हसू नका. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर पुढची दोन चाकं उचलून ओढण्यात ट्रान्समिशनची वाट लागते. तुमची कुठली?

एडिसनकर
सुबारू.

सुपारी
मग?

एडिसनकर
मग काय. उद्या सहकुटुंब समुद्रकिनारी, केप मे गावी निघतोय. आत्ताच त्यांना फोन लावतो, जादा आकार किती ते विचारून ठेवतो.

गवती चहा
लिहून मागा!