शॉक शेवटी ठेवायचा, की गोळ्यांच्या जोडीला आधीच द्यायचा?

उंबरठा :
भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दोन औषधं पुरेशा डोसात घेऊन झाली, उपयोग शून्य. मग क्लोझापिन, म्हणजे बाकीची औषधं फसल्यावर देतात ते. वजन वाढलं, रात्री लाळेने उशी भिजू लागली, आवाज मात्र गेले नाहीत. दीड वर्ष असंच. शेवटी क्लोझापिन चालू ठेवूनच ईसीटी (म्हणजे भूल देऊन मेंदूला विजेचा शॉक, त्याने मुद्दाम फिटसारखा झटका आणतात) सुरू केली, आठवड्यातून तीनदा, एकूण १२. नवव्या वेळेनंतर घरी आल्यावर तो वर बघून म्हणाला, "आज पंखा नुसताच फिरतोय." (पंख्यातून त्याला शिव्या ऐकू यायच्या.) ते दीड वर्ष वाया गेलं असं माझं स्पष्ट मत आहे. क्लोझापिन पुरत नाही हे कळल्यावर थांबायचं कशाला?

शंकासुर :
भाऊ सावरला, छानच. पण एका घरावरून नियम करू नका. या जोडीसाठी २०१५ च्या अमेरिकन अभ्यासाचा दाखला नेहमी देतात. ३९ रुग्ण, ८ आठवडे. क्लोझापिनसोबत ईसीटी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना गुण आला, नुसत्या क्लोझापिनवाल्यांत एकालाही नाही. डोळे दिपतात! पण नुसत्या गोळ्यांवरच्या गटाला खोटी ईसीटी, म्हणजे भूल देऊन विजेशिवाय उठवणं, दिलीच नव्हती. सतत कुणीतरी आपल्याभोवती धडपडतंय, याचाही गुण येतोच की. ब्रिटनच्या नाइसने (कोणते उपचार द्यावेत याची शिफारस करणारी तिथली सरकारी संस्था) २००३ मध्ये स्किझोफ्रेनियात सरसकट ईसीटी नको म्हटलं, ते उगाच नव्हे.

रात्रपाळी :
त्याच नाइसने कॅटॅटोनियासाठी (रुग्ण हालचाल, बोलणं थांबवून थिजून जातो ती अवस्था) मात्र ती मान्य केली होती, तेवढं अर्धवट सोडू नका. मी मनोविकार वॉर्डात काम करते. लोकांच्या डोक्यात अजून सिनेमातला तडफडणारा माणूस असतो. प्रत्यक्षात भूल देतात, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात. त्याआधी एका पायाला बीपीचा पट्टा आवळतात, म्हणजे ते औषध तेवढ्या पावलात पोचत नाही. झटका येतो तेव्हा ठळक दिसतं ते तेवढंच पाऊल थरथरताना, मिनिटभराच्या आत थांबतं. औषधांचं गणित जास्त किचकट. क्लोझापिनने झटका सहज येतो, झोपेच्या काही गोळ्यांनी आणि फिटच्या औषधांनी तो अडतो. म्हणून आधी सगळी चिठ्ठी तपासावी लागते.

कोरी पाटी :
मी स्वतः घेतली आहे. आवाज गेले, सोबत बहिणीचं लग्नही गेलं. फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, हातात अक्षता. त्या दिवसाचं काहीही आठवत नाही. संमतीपत्रावर 'तात्पुरती विस्मृती' लिहिलं होतं. चार वर्षं झाली, तात्पुरती कधी संपणार? आणि कोर्स संपल्यावर पाच महिन्यांनी आवाज परत आले, ते वेगळंच.

उंबरठा :
@कोरी पाटी, वाचून गलबललं. भावाचंही मागचं वर्ष धूसर आहे. आवाज परतू नयेत म्हणून महिन्याला एक अजून चालू आहे. पुढच्या वेळी हे त्याच्याशी नीट बोलेन, आम्ही सह्या फार घाईत केल्या.

रात्रपाळी :
@उंबरठा, एक विचारू? त्या दीड वर्षात क्लोझापिनची रक्तातली पातळी कधी बघितली होती का? साधारण मिलिलिटरला ३५० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर औषध फसलं असं म्हणताच येत नाही. सिगारेटच्या धुराने ती बरीच उतरते.

उंबरठा :
क्लोझापिनने पांढऱ्या पेशी घटत तर नाहीत ना, यासाठी रक्त नेमाने तपासायचे. पातळी एकदाही नाही. आणि तो दिवसाला पाकीटभर ओढायचा.