वावरातून वेचलेले धोंडे : धुऱ्याची भिंत आणि कोठ्याचे जोते यांतून होईल का?

प्रश्न (दिग्रस, जि. यवतमाळ)

टेकडीच्या पायथ्याशी आमचे ३ एकर बरड वावर आहे. दरवर्षी वखराची पास (लोखंडी पाते) धोंड्यावर आपटून वाकते, म्हणून आजोबांच्या काळापासून वेचलेले धोंडे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) टाकले जातात आणि तो ढीग आता कमरेएवढा झाला आहे. यंदा शेतातच राहायला जायचे ठरल्यामुळे वरच्या धुऱ्यावर १०० फूट लांब भिंत आणि चार जनावरांच्या कोठ्याचे (गोठ्याचे) जोते याच दगडात बांधावे, असा विचार आहे. गोल धोंड्यांची भिंत सिमेंटशिवाय उभी राहत नाही, असे गावातील मिस्त्री सांगतात. सिमेंट आणि वाळू विकतच आणायची असेल, तर दगड फुकट मिळून फारसा फायदा होणार नाही. ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर (आर्वी, जि. वर्धा)

भाऊ, मिस्त्रींचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. गोल धोंडा जसाच्या तसा रचला तर तो घसरतो. पण घणाने दुभंगला की त्याला सपाट तोंड मिळते आणि मग कोरडी रचाई चांगली टिकते. आपल्याकडचा काळा पाषाण बाहेरून कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने कुजतो. म्हणून वरचा पिवळट, हाताने सुटणारा थर झोडून काढावा आणि आतला गाभा हातोडीने वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर तो भिंतीत घ्यावा, भद्द वाजला तर पांदण रस्त्याच्या भरावात टाकावा.

माझी पहिली भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात मधोमध फुगून कोसळली. दोन्ही बाजूंना चांगले दगड लावून मधल्या पोकळीत मी वावरातली काळी माती भरली होती. ती पाण्याने फुगली आणि तिने दोन्ही तोंडे बाहेर ढकलली. पुन्हा बांधताना पोकळीत केवळ दगडाच्या चिपा भरल्या, त्याही घमेल्याने ओतल्या नाहीत, तर एकेक हाताने ठोकून बसवल्या. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड येईल अशी सांधमोड ठेवली आणि दर चार-पाच फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घातला. त्या आरपार दगडांमुळेच दोन्ही तोंडे एकमेकांना धरून राहतात. असे लांब दगड ढिगात थोडेच असतात, त्यामुळे ते सर्वांत आधी बाजूला काढून ठेवावेत.

तळाशी अडीच फूट व माथ्याशी दीड फूट जाडी आणि ३ फूट उंची धरली, तर १०० फुटांना ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास रचाई होते. वरून येणारे पाणी कोरड्या भिंतीतून झिरपून जाते आणि माती मागे अडते. सिमेंटने सांधे बुजवले तर पाणी निघायला भोके ठेवावीच लागतील.

उत्तर (मेहकर, जि. बुलडाणा)

भिंतीबद्दल वरील माहिती योग्य आहे. परंतु कोठ्याचे जोते कोरडे रचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जोत्याच्या आत भरलेला मुरूम बाहेरच्या बाजूला सतत रेटा देतो, जनावरांचे मूत्र सांध्यांत मुरते आणि उंदीर बिळे करतात. आमच्याकडे लोणारच्या हेमाडपंती मंदिरांचा दाखला देऊन चुन्याशिवायही काम होते असे काही जण सांगतात, पण तिथला दगड घडीव आहे. वेचलेल्या धोंड्याला तो दाखला लागू पडत नाही. जोत्यापुरता १ भाग सिमेंट आणि ६ भाग वाळू असा मसाला वापरावा. पायाची चर काळ्या मातीत थांबवू नये, पक्का मुरूम लागेपर्यंत खोल न्यावी. बरड जमिनीत तो बहुधा लवकर लागतो, हा आपला मोठा फायदा आहे.

उत्तर (चांदूर रेल्वे, जि. अमरावती)

दगड कमी पडला म्हणून नाल्यातून किंवा टेकडीवरून आणू नये, ही विनंती. दगड हे गौण खनिज आहे आणि विनापरवाना उत्खनन व वाहतुकीवर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली दंड होतो. टेकडी राखीव वनात असेल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ देखील लागू होतो. स्वतःच्या वावरातील ढिगाबाबतही काम सुरू करण्यापूर्वी तलाठ्यांशी बोलून घेतलेले बरे.

दुसरे, ढीग उपसताना दगडाखाली थेट हात घालू नये. प्रत्येक धोंडा आधी सब्बलीने (पहारीने) आपल्या दिशेने उलटवावा, म्हणजे खालचा विंचू किंवा साप पलीकडच्या बाजूने निघून जातो. आमच्याकडे कामावरच्या एका बाईंना याच चुकीमुळे विंचू चावला आणि त्यांना रात्रभर दवाखान्यात ठेवावे लागले.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंत कोरडी आणि जोते मसाल्यात, असे ठरवले आहे. आज ढिगाची एक बाजू सब्बलीने उलटवली. दुपारपर्यंत दोन हातांहून लांब असे ११ दगड निघाले आणि ते वेगळे मांडून ठेवले आहेत. १०० फुटांना साधारण २० ते २५ आरपार दगड लागतील. कापसाची वेचणी संपली की चर खोदायला घेतो.